गोड बातमी

ऑफिसच्या कँटीनमध्ये मी एकदा जाहीर केलं, “माझ्याकडे एक गोड बातमी आहे.” टेबलावरच्या पाचही जणांची नजर आधी माझ्या पोटाकडे गेली आणि मग, माझं लग्न झालेलं नाही हे आठवून, घाईघाईने चहाच्या कपाकडे. बिचारे! त्यांना काय ठाऊक, की माझी बातमी खरोखरीच गोड होती. फास्टिंग शुगर १४८.

ही जून २०२२ ची गोष्ट. वय ३१, वजन ४९ किलो, मुक्काम कोथरूड ते हिंजवडी व्हाया ट्रॅफिक जॅम. कंपनीचं वार्षिक हेल्थ चेक-अप म्हणजे आमच्यासाठी अर्ध्या दिवसाची अधिकृत दांडी आणि वर फुकटचा नाश्ता. त्या वर्षी नाश्त्याबरोबर ही बातमीही मिळाली. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशोब, ७.४.

ज्या डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन गेले, त्यांनी फाइल उघडायच्या आधीच निदान केलं. “आयटीत ना? मग दुसरं काय होणार! बसून काम, स्ट्रेस, पिझ्झा.” टाइप टू डायबेटिस. मेटफॉर्मिनची गोळी, भात बंद, रोज पाऊण तास चालणं. मी म्हटलं, “पण मी तर बारीक आहे.” ते हसले. म्हणाले, “भारतीय बारीक दिसतात, असतात कुठे?”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आपल्या पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकसरांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून लठ्ठ. आपल्याकडे सडपातळ माणसालाही टाइप टू होतो, तो यामुळेच. त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी ठरलेलं उत्तर दिलं. फक्त माझा प्रश्न वेगळा होता, आणि तो कुणी विचारलाच नाही. मीसुद्धा नाही.

पुढचे दहा महिने मी आदर्श पेशंट होते. भात सोडला. कोथरूडमध्ये राहून बाकरवडी सोडली, हे तर शौर्यपदकाच्या लायकीचं. जिम लावली. तरी शुगर वर आणि वजन खाली. गोळ्यांचा डोस दुप्पट झाला. रात्री तीन-तीनदा उठायचे, बाटली-बाटली पाणी प्यायचे. आणि ऑफिसात? ऑफिसात माझं जोरदार कौतुक चाललं होतं. “काय मेन्टेन केलंयस यार!” “डाएट सांग ना!” आयुष्यात पहिल्यांदाच मला स्मॉल साइझची जीन्स बसली, तेव्हा मी ट्रायल रूममध्ये स्वतःचा फोटो काढला. तो अजून फोनमध्ये आहे. आता बघते तेव्हा फक्त गळ्याची हाडं दिसतात. वजन ४३.

एप्रिल २०२३. एका शनिवारी पहाटे उलट्या सुरू झाल्या. आई म्हणाली, “बाहेरचं काही खाल्लंस का?” मग जवळ येऊन तिने श्वास घेतला आणि म्हणाली, “अगं, तुझ्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास का येतोय?” त्या एका वाक्याने मला वाचवलं. धाकटीने रिक्षा आणली. कॅज्युअल्टीत शुगर निघाली ४३८. डायबेटिक कीटोअॅसिडोसिस. शरीरात इन्सुलिनच उरलं नाही, की पेशींना साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. वेळेवर उपचार नाही झाले तर माणूस जातो. मी आयसीयूत दोन दिवस होते.

तिसऱ्या दिवशी एक नवीन डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी पिझ्झाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, “घरात कुणाला थायरॉइड आहे?” आई म्हणाली, “मला. पंधरा वर्षं गोळी चालू आहे.” मॅडमनी मान हलवली आणि दोन टेस्ट लिहिल्या. एक गॅड अँटिबॉडी, दुसरी सी-पेप्टाइड. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं, तेव्हा त्याच्या जोडीने सी-पेप्टाइडही बाहेर पडतं. त्यामुळे कारखाना किती चालू आहे, ते त्यावरून कळतं. माझी अँटिबॉडी भरपूर, सी-पेप्टाइड जेमतेम.

निदान बदललं. हा टाइप टू नव्हताच. मोठ्या वयात सावकाश येणारा ऑटोइम्यून डायबेटिस होता. त्याला लाडा म्हणतात. नाव लाडाचं, पण करणी टाइप वनचीच.

मला राग आला होता. इतकी वर्षं मी कुणाचं काय वाकडं केलं? मॅडमनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पॅन्क्रियाज काढून दाखवलं. त्यात ठिपके ठिपके. “ही इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं. आणि ही,” त्यांनी बेटांभोवती पेनाने गिचमिड केली, “ही तुमचीच सेना.”

ठेच लागली की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. तो दाह, म्हणजेच इन्फ्लमेशन. वाईट गोष्ट नाही ती. शरीराने पोलीस बोलावलेत, इतकाच त्याचा अर्थ. बंदोबस्त लागतो, काम होतं, पोलीस घरी जातात. लोच्या होतो तो पोलीस घरी गेलेच नाहीत तर. टाइप वनमध्ये टी-पेशी नावाचे शिपाई स्वतःच्याच बीटा पेशींना घुसखोर समजतात आणि त्या बेटांत शिरतात. तिथे दाहाचे रासायनिक संदेश सुटतात. त्या संदेशांनी घाबरलेल्या बीटा पेशी स्वतःची ओळखपत्रं आणखी जोरात फडकवायला लागतात. झालं! शिपायांना त्या आणखी स्पष्ट दिसतात, आणखी कुमक येते. आग, तिच्यातून हाकाटी, हाकाटीतून पुन्हा आग. कधी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. आणि दुखत काहीच नाही!

या प्रकाराला इन्सुलायटिस म्हणतात. बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये मायक्रोस्कोपखाली तो नीट दाखवून दिला. निदान झाल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या पेशंटांचे स्वादुपिंड त्यांनी तपासले, तर बेटांमध्ये दाहाच्या पेशी जमलेल्या. पुढे १९७४ मध्ये लंडनच्या संशोधकांना पेशंटांच्या रक्तात या बेटांविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. तोपर्यंत हा आजार फक्त साखरेचा वाटायचा. प्रत्यक्षात साखर म्हणजे नुसता धूर. आग आधीपासून लागलेली असते.

माझी कधी लागली? मॅडम म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. जनुकांचा वाटा असतो, पण तेवढंच पुरत नाही. अगदी जुळ्या, हुबेहूब बहिणींपैकी एकीला झाला, तरी दुसरीला होईलच असं नाही. “तुम्ही काही केलंत म्हणून झालेला नाही,” त्या म्हणाल्या. आई तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलताना मला दिसले. ते वाक्य माझ्यापेक्षा तिला जास्त हवं होतं.

इन्सुलिन सुरू झालं. दिवसाला २४ युनिट, चार टोचण्या. आणि मग गंमत झाली. दोन-तीन महिन्यांत शुगर इतकी आटोक्यात आली, की डोस कमी करत करत ८ युनिटवर आला. मला वाटलं, जिंकले! याला हनिमून पीरियड म्हणतात, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. बाहेरून इन्सुलिन मिळालं, की उरल्यासुरल्या बीटा पेशींना जरा दम खायला मिळतो आणि त्या पुन्हा काम करायला लागतात. पण हनिमूनवर गेलेल्या माणसाला परतीचं तिकीट आठवतं का?

नेमक्या त्याच वेळी आत्याचा व्हॉट्सअॅप आला. ‘सर्व रोगांचं मूळ इन्फ्लमेशन! २१ दिवसांत डायबेटिस रिव्हर्स!’ हळद, आलं, दालचिनीचा काढा, गहू बंद, दूध बंद. मी इंजिनीअर मुलगी, असल्या फॉरवर्डना एरवी हसणारी. पण यात तो शब्द होता ना! इन्फ्लमेशन. मॅडमनी तोच तर सांगितला होता. मग लॉजिक सोपं: आजार दाहाचा, हळद दाहनाशक, ८ युनिटची किरकोळ बाब, होऊन जाऊ दे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी इन्सुलिन बंद केलं. कुणालाही न सांगता.

पहिले तीन दिवस शुगर दीडशेच्या आसपास. मी खूश. पाचव्या दिवशी २३०. म्हटलं, शरीर डिटॉक्स होतंय. सातव्या दिवशी २९०. नवव्या दिवशी रात्री घसा कोरडा पडला आणि तो ओळखीचा थकवा आला. बाथरूममध्ये जाऊन कीटोनची पट्टी तपासली. जांभळी. मी कमोडच्या झाकणावर बसून राहिले, हातात ती पट्टी. दारावर धाकटीची टकटक. “ताई, काय करतेयस? पाऊण तास झाला.”

मॅडमना रात्री साडेअकराला फोन केला. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी आकडे विचारले, इन्सुलिन किती घ्यायचं, पाणी किती प्यायचं आणि कुठल्या आकड्याला थेट कॅज्युअल्टी गाठायची, ते सांगितलं. पहाटेपर्यंत शुगर खाली आली. मग त्या म्हणाल्या, “उद्या ये. भांडायला.”

भांडणात मला जे कळलं ते असं. इन्फ्लमेशन हा शब्द एकच असला तरी आगी वेगवेगळ्या असतात. टाइप टूमध्ये पोटावरच्या चरबीतून मंद दाह चालतो आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. तिथे वजन, चालणं, जेवण यांनी खरोखरच फरक पडतो. माझ्यातली आग वेगळी. ती एका अवयवातल्या ठरावीक पेशींवर नेम धरलेली आहे. ती विझवायला हळद पुरेल असा कसलाही पुरावा नाही. हळदच कशाला, २०१३ मध्ये दाहाचा एक मुख्य संदेशवाहक, इंटरल्युकिन-१, अडवणारी दोन चांगली तगडी औषधं नुकतंच निदान झालेल्या टाइप वन पेशंटांवर वापरून बघितली. दोन्ही फेल. दाह थांबवायचा म्हणजे नेमका कुठला, कुठे आणि कधी, हेच तर सगळं कोडं आहे.

“पण कोडं सुटतंय हळूहळू,” मॅडम म्हणाल्या. २०२० मध्ये टीएनएफ नावाचा दुसरा संदेश अडवणाऱ्या गोलिमुमॅबने मुलांमधली आणि तरुणांमधली उरलेली इन्सुलिननिर्मिती जास्त टिकल्याचं दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे आमच्या भांडणानंतर महिन्याभराने, ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलचे निकाल आले. सांधेदुखीसाठी वापरली जाणारी बॅरिसिटिनिबची गोळी नव्या पेशंटांना ४८ आठवडे दिली, तर त्यांचं सी-पेप्टाइड प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा चांगलं टिकलं. मॅडमनी मला त्याची बातमी पाठवली, खाली एकच ओळ लिहून: ‘यातही इन्सुलिन बंद नाही केलेलं!’

माझी गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आमच्या घरात आणखी एक मुलगी आहे.

धाकटी तेव्हा २४ ची. नुकतीच पहिली नोकरी, पहिला पगार, एफसी रोडवर दर शनिवारी खरेदी. मॅडम एकदा सहज म्हणाल्या, “बहिणीची अँटिबॉडी टेस्ट करायची का, ते तुम्ही ठरवा.” पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत टाइप वन पेशंटांच्या सख्ख्या भावंडांना हा धोका साधारण शंभरात पाच असतो. म्हणजे पंचाण्णव जणांना काही होत नाही. तरी घरी आल्यावर मला धाकटीकडे बघवेना. ती पाण्याची बाटली उचलायची आणि मी मनात घोट मोजायचे.

आई ठाम विरोधात. “तिचं लग्न व्हायचंय. काही निघालं तर कुठल्या तोंडाने सांगू लोकांना? आणि नाही सांगितलं तर फसवणूक.” बाबा नेहमीप्रमाणे पेपरात. आणि धाकटी म्हणाली, “ताई, कळून मी काय करू? रोज घाबरत जगू?”

मी लेक्चर दिलं. आता या आजाराच्या पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर दोन किंवा जास्त अँटिबॉडी, शुगर नॉर्मल. दुसरीवर शुगर किंचित बिघडलेली, त्रास काहीच नाही. तिसरीवर माझ्यासारखा तमाशा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅबला मान्यता मिळाली. दुसऱ्या पायरीवरच्या लोकांना ते १४ दिवस सलाइनमधून देतात. ते त्याच टी-पेशींना जरा थंड करतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये त्याने तिसरी पायरी सरासरी दोन वर्षं लांबवली. आजाराची सुरुवातच पुढे ढकलणारं हे पहिलं औषध.

“किंमत?” धाकटी अकाउंट्समध्ये आहे. पहिला प्रश्न हाच येणार. मी सांगितलं, बाजारात आलं तेव्हा पूर्ण कोर्सचे १ लाख ९३ हजार ९०० डॉलर. ती इतकी हसली, की आईसुद्धा हसली.

मग हसू थांबवून ती म्हणाली, “म्हणजे औषध आपल्यासाठी नाही. उरलं काय? भीती.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसले. आणि मग कुठल्याच अभ्यासात नसलेली गोष्ट बोलले. “मला पहाटे उलट्या होत होत्या ना, तेव्हा आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं काय चाललंय. आईला वास आला नसता तर? मला तुझ्या बाबतीत वासावर अवलंबून राहायचं नाहीये.”

ती काहीच बोलली नाही. आठवड्याने स्वतःच लॅबवाल्याला घरी बोलावलं. रविवारी सकाळी, आई भाजी आणायला गेलेली असताना.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिपोर्ट आला. एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह. एकच. शुगर अगदी नॉर्मल.

सिनेमात असा रिपोर्ट येत नाही. तिथे एक तर सगळे रडतात, नाही तर पेढे वाटतात. आम्ही तिघी डायनिंग टेबलाशी बसून कागदाकडे बघत राहिलो. मॅडमनी समजावलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कोलोरॅडो, फिनलंड आणि जर्मनीतल्या तेरा हजारांहून जास्त मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवलं होतं. ज्यांना दोन किंवा जास्त अँटिबॉडी होत्या, त्यांतल्या सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत डायबेटिस झाला. एकच असलेल्यांत तो आकडा १५ टक्क्यांच्या आसपास. ती लहान मुलं होती, ही मोठी आहे. त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावायचे नाहीत. टेस्ट पुन्हा करायची, शुगरवर लक्ष ठेवायचं, आणि तहान, वजन, थकवा यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी यायचं. बस.

“म्हणजे मी आजारी आहे की नाही?” धाकटीने विचारलं.

“नाहीस,” मॅडम म्हणाल्या.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि ऑफिसला गेली. मी मात्र त्या दिवशी सुट्टी टाकली. तिला त्या टेस्टपर्यंत मी नेलं होतं. ते बरोबर केलं की नाही, यावर मी अजूनही अधूनमधून रात्री छताकडे बघत विचार करते. पुढची टेस्ट पुन्हा तशीच आली, एकच. धाकटी म्हणते, “माझा शिपाई एकटाच आहे, कंटाळून जाईल.” स्थळांचं म्हणाल तर तिने आईला सांगून टाकलंय, की आधी सांगायचं आणि मग पोहे करायचे.

तुमच्यासाठी इतकंच. तुम्ही तरुण आहात, बारीक आहात, टाइप टूचं लेबल लागलंय, गोळ्या आणि डाएट इमानेइतबारे चाललंय आणि तरी वजन घटतंय, शुगर चढतेय, तर कौतुक करणाऱ्या कलीगचे आभार माना आणि डॉक्टरांना गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइडबद्दल विचारा. घरात कुणाला थायरॉइड असेल तर तेही आवर्जून सांगा. आणि इन्सुलिन चालू असेल तर कुठल्याही काढ्यासाठी, कुठल्याही आत्यासाठी ते परस्पर बंद करू नका.

त्या २१ दिवसांच्या प्लॅनमधली एक गोष्ट आमच्या घरात मात्र टिकली. आई रोज रात्री हळदीचं दूध देते. दूध बंद म्हटलेलं तिने सोयीस्करपणे विसरून टाकलंय. मीसुद्धा काही बोलत नाही. त्यात तिचं काय काय घोटलेलं असतं, ते मला माहीत आहे. एक कप दुधात साधारण १२ ग्रॅम कार्ब्ज. दंडावरच्या सेन्सरचा आकडा बघते, एक युनिट इन्सुलिन टोचते आणि मग आईच्या समोर कप पूर्ण संपवते.